वकीलपत्र आणि कर्मफल

एका मनुष्याने दुसऱ्याच्या नावाने दावा गुदरावा, त्याच्या दुःखाची कैफियत आपल्या विद्येच्या परिभाषेत मांडावी, त्याच्या वतीने युक्तिवाद करावा, आणि निवाडा झाल्यावर त्याचे जे काही इष्ट वा अनिष्ट फळ असेल ते त्या दुसऱ्याच्या पदरात ठेवून आपण पुढच्या खटल्याच्या कागदपत्रांकडे वळावे, हा क्रम आपल्या कचेऱ्यांतून इतका नित्याचा झाला आहे की त्यात काही तात्त्विक अडचण असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. परंतु ज्या समाजाने कर्म आणि फल यांच्या संबंधाचा विचार पिढ्यान्‌पिढ्या केला, त्या समाजातील विचारी माणसाने तरी ही अडचण दृष्टिआड करू नये. कर्ता एक आणि भोक्ता दुसरा असे जेथे होते तेथे त्या कर्माचा धनी कोण? शेताच्या बांधाचा किंवा भाडेपट्ट्याचा वाद असेल तर हा प्रश्न फारसा बोचत नाही, कारण अशील आपले हित जाणतो, मोबदला देतो, आणि काम पसंत न पडल्यास वकीलपत्र काढून घेतो. वकील जेव्हा एखाद्या पीडित समाजाच्या चळवळीसाठी उभा राहतो, त्यासाठी एखादी संस्था त्याला मुद्दाम शिकवून तयार करते, त्याचा योगक्षेम चालवते, आणि कोठल्याशा आडगावच्या एका कुटुंबाचे नाव दाव्याच्या शिरोभागी घालून सबंध राष्ट्राचा कायदा बदलण्याचा संकल्प करते, तेव्हा मात्र हाच प्रश्न धर्मप्रश्न होऊन उभा राहतो.

या प्रश्नाची जितकी काटेकोर चर्चा पूर्वमीमांसेने केली आहे तितकी अन्यत्र क्वचितच आढळेल. यज्ञात प्रत्यक्ष कर्म करणारे ऋत्विज असतात. सोमयागात त्यांची संख्या सोळा. मंत्र त्यांनी म्हणायचे, सोम त्यांनी काढायचा, आहुती त्यांनी द्यायच्या. आणि तरीही स्वर्ग मिळायचा तो यजमानाला. हे न्याय्य कसे, असा प्रश्न मीमांसकांनी स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर दक्षिणेच्या विचारातून दिले. दक्षिणा हा त्यांच्या मते परिक्रय आहे, म्हणजे यजमानाने ऋत्विजांचे श्रम मोल देऊन आपलेसे केलेले असतात, आणि म्हणून ते श्रम शास्त्रदृष्ट्या यजमानाचेच ठरतात. शास्त्रविहित कर्माचे फळ, जो ते करवितो त्याचे. नेहमीच्या वकिलीला हा सिद्धान्त जसाच्या तसा लागू पडतो. चळवळीच्या दाव्यात मात्र त्याचा पायाच सुटतो, कारण तेथे अशिलाने दक्षिणा दिलेली नसते. ती दूरच्या शहरातील एखाद्या निधीने, एखाद्या धर्मादाय विश्वस्तमंडळाने किंवा हजारो अनामिक वर्गणीदारांनी दिलेली असते. मग यजमान कोण म्हणावा? ज्याच्या नावाने दावा चालतो तो, ज्या संस्थेने संकल्प केला ती, की ज्याने द्रव्य दिले तो?

हा प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून ज्या देशात तो सर्वांत तीव्रतेने अनुभवला गेला तेथील इतिहास पाहिला पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी वकिलांची एक पिढीच्या पिढी घडवण्याचे काम ज्याने योजनापूर्वक हाती घेतले तो पुरुष चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. जन्म १८९५ चा, वॉशिंग्टनचा, वडील वकील. ॲमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी घेऊन तो पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी म्हणून फ्रान्सला गेला, आणि स्वदेशाच्या गणवेशात असताना स्वदेशीय गोऱ्यांकडून जी अवहेलना त्याच्या वाट्याला आली तिच्यातून त्याने निश्चय केला की जिवंत परतलो तर कायदा शिकेन आणि ज्यांना उलट प्रहार करता येत नाही त्यांच्यासाठी लढेन. हार्वर्डच्या विधिनियतकालिकाच्या संपादकमंडळावर निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. १९२९ मध्ये वॉशिंग्टनच्याच हॉवर्ड विद्यापीठातील विधिविद्यालयाची सूत्रे त्याच्या हाती आली. ते विद्यालय तेव्हा मुख्यतः रात्रीचे होते. दिवसा सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे तरुण संध्याकाळी येऊन कायदा शिकत. ह्यूस्टनने ते दिवसाचे, पूर्णवेळ आणि कठोर केले, त्याला मान्यता मिळवून दिली, आणि विद्यार्थ्यांकडून इतकी अविश्रांत मेहनत घेतली की ते त्याला आपसांत ‘लोखंडी जोडे’ म्हणत. त्याची धारणा अशी की वकील एकतर समाजाची रचना बदलणारा स्थपती असतो, नाहीतर समाजावर पोसलेले बांडगूळ; तिसरी जात त्याला मान्य नव्हती. थर्गुड मार्शल आणि ऑलिव्हर हिल हे १९३३ च्या वर्गातील पहिले आणि दुसरे विद्यार्थी त्याच्याच हाताखालून निघाले.

रात्रीचे वर्ग बंद झाल्यामुळे पोटासाठी नोकरी करणाऱ्या अनेकांना कायद्याचे दार मिटले, ही गोष्ट ह्यूस्टनच्या चरित्रात सहसा एका वाक्यात आटोपली जाते. मला ती तशी आटोपणे योग्य वाटत नाही. विद्या धारदार करण्यासाठी ती घेणाऱ्यांची संख्या कमी करावी लागते, हा युक्तिवाद आपल्या परंपरेला फार जुन्या काळापासून परिचित आहे आणि त्याचे परिणामही परिचित आहेत. त्याच्या बाजूने एवढे मात्र कबूल केले पाहिजे की दक्षिणेकडील राज्यांत लक्षावधी कृष्णवर्णीयांमागे त्यांच्या वर्णाचे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना, आणि समोरच्या बाजूला सरकारी तिजोरीच्या बळावर उभे राहिलेले निष्णात कायदेपंडित असताना, अर्धवट शिकलेला वकील पाठवणे म्हणजे अशिलाचाच घात करणे होते.

१९३५ मध्ये ह्यूस्टन ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेचा पूर्णवेळ विधिज्ञ झाला. एका श्रीमंत वारसाने नाकारू पाहिलेल्या वारशातून उभारलेल्या गार्लंड फंडाने वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांसाठी द्रव्य मंजूर केले होते, जरी मंजूर रकमेचा थोडाच भाग प्रत्यक्ष हाती आला. योजना अशी ठरली की वर्णपृथक्करणाच्या ‘वेगळे पण समान’ या मुखवट्यावर एकदम घाव न घालता, ज्या ठिकाणी समानता धडधडीत खोटी आहे तेथे, म्हणजे पदव्युत्तर आणि विधिशिक्षणात, प्रथम दावे करावेत. १९३६ मध्ये मेरिलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने डोनाल्ड मरे यांना राज्याच्या विधिविद्यालयात प्रवेश देण्याचा हुकूम कायम केला. १९३८ च्या डिसेंबरात लॉइड गेन्स यांच्या तशाच दाव्यात संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने मिसूरी राज्याविरुद्ध निवाडा दिला. या दुसऱ्या निवाड्याचा उल्लेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. ज्याच्या नावाने तो निवाडा झाला तो गेन्स मात्र १९३९ च्या मार्च महिन्यात शिकागोतील आपल्या मुक्कामाच्या घरातून एका सायंकाळी बाहेर पडला आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. त्याचे काय झाले हे आजतागायत उलगडलेले नाही. फिर्यादीच नाहीसा झाल्यामुळे दावा तेथेच थांबला. सिद्धान्त जिंकला, आणि ज्याने त्या विद्यालयाच्या पायरीवर पाऊल ठेवायचे तो तेथपर्यंत पोहोचला नाही.

यापुढची कथा दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्याची आहे, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा तिच्यातच आहे. तेथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची पहिली मागणी शाळेच्या मोटारीची होती. गोऱ्या मुलांसाठी मोटारी धावत आणि यांची मुले मैलोगणती चालत. रेव्हरंड जोसेफ डी-लेन यांच्या प्रेरणेने लेव्ही पिअर्सन या शेतकऱ्याने १९४७ मध्ये मोटारीसाठी अर्ज केला. त्याची जमीन कोणत्या शाळाक्षेत्रात मोडते या तांत्रिक मुद्द्यावर दावा निकालात निघाला. पुढे हॅरी ब्रिग्ज यांच्या नावाने समान सोयींसाठी दावा झाला, आणि १९५० मध्ये असोसिएशनचे धोरण बदलून यापुढे पृथक्करणावर थेट आघात करणारेच दावे चालवावेत असे ठरले, दावा ऐकणारे न्यायमूर्ती वेअरिंग यांनीही तसेच सुचवले, तेव्हा मोटारीच्या मागणीतून सुरू झालेली तक्रार राज्यघटनेच्या मूलभूत प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचली. गावकऱ्यांना विचारण्यात आले आणि त्यांनी संमती दिली, हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. पण ब्रिग्ज पेट्रोल पंपावर नोकरीला होते, त्यांची नोकरी गेली. त्यांच्या पत्नी एलायझा एका प्रवासी निवासात झाडलोट करीत, त्यांचीही गेली. पिअर्सनला सावकारांनी उधार बंद केले. डी-लेन यांचे घर जळाले, पुढे १९५५ मध्ये प्रार्थनामंदिर जळाले, घरावर गोळीबार झाला, त्यांनी उलट गोळी झाडली आणि रातोरात राज्य सोडले. त्यांच्यावरचे फौजदारी आरोप २००० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी, रद्द झाले. शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरवणाऱ्या १७ मे १९५४ च्या ब्राऊन निवाड्यात जे पाच दावे एकत्र झाले त्यांपैकी हा एक. ह्यूस्टन तो पाहायला उरला नव्हता. १९५० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचा अंत झाला होता.

त्याच पाचांपैकी दुसरा दावा व्हर्जिनियातील फार्मव्हिलचा. १९५१ च्या एप्रिलमध्ये बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने तेथील विद्यार्थ्यांनी संप केला, तो चांगली इमारत मिळावी म्हणून. ऑलिव्हर हिल आणि त्यांचे सहकारी स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी त्यांना सांगितले की पृथक्करणच मोडण्याचा दावा करणार असाल तर आम्ही उभे राहू. मुले तयार झाली, पालक तयार झाले. दावा जिंकल्यावर त्या परगण्याने निवाडा पाळण्याऐवजी १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सर्व सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या. कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांचे शिक्षण त्या पाच वर्षांत खुंटले. १९५१ मध्ये संमती देणाऱ्या सभेत यांपैकी बहुतेक मुले नव्हतीच, कित्येक तर तेव्हा जन्मलीही नव्हती. हिल आणि रॉबिन्सन यांना यात दोष देता येत नाही, कारण शाळा बंद करण्याचे पाप ज्यांनी केले त्यांचेच ते आहे. पण कर्मफलाचा विचार करणाऱ्याला एवढ्याने समाधान मिळत नाही. सामाजिक कर्माचे फळ यज्ञाच्या फळासारखे नेमके यजमानाच्या घरी जाऊन पडत नाही. ते ज्यांनी संकल्प केला नाही अशांच्या अंगावरही कोसळते.

या अडचणीची जाणीव स्वतः अमेरिकेतील विचारवंतांना होती. १९५६ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने असे कायदे केले की ज्या संस्थेला दाव्यात स्वतःचा हितसंबंध नाही तिने लोकांना वकील पुरवणे हा अपराध ठरावा. दावे चेतवणे हे जुन्या विधीत निंद्य कर्म होते, त्या निंदेचा आधार घेऊन चळवळीचा गळा आवळण्याचा हा डाव होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उधळून लावला आणि असे मानले की ज्यांना मतपेटीतून न्याय मिळत नाही त्यांच्या दृष्टीने दावा हा मतप्रकटनाचाच मार्ग आहे. न्यायमूर्ती हार्लन यांनी मात्र विरुद्ध मत नोंदवून एक शंका मांडली: संस्थेला तत्त्व हवे असेल आणि अशिलाला तडजोड, तर वकील कोणाचे ऐकेल? शंका ज्या पक्षाच्या बाजूने मांडली गेली तो पक्ष अन्यायाचा होता, म्हणून शंका खोटी ठरत नाही. १९७६ मध्ये तीच शंका डेरिक बेल यांनी पुन्हा मांडली, आणि बेल हे परके नव्हते. असोसिएशनच्या लीगल डिफेन्स फंडाचे वकील म्हणून मिसिसिपीतील शाळांचे खटले त्यांनी स्वतः चालवले होते. कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही या बायबलातील वचनाचा आधार आपल्या निबंधाच्या शीर्षकात घेऊन त्यांनी विचारले की बॉस्टन आणि अटलांटासारख्या शहरांतील कृष्णवर्णीय आईबाप मुलांसाठी चांगल्या शाळा मागत असताना वकील जर मुलांच्या वर्णमिश्रणाचे प्रमाण साधण्यातच गढून गेले असतील, तर ते कोणाची वकिली करीत आहेत? एकत्रीकरणाच्या ओघात कृष्णवर्णीयांच्या शाळा मोडल्या आणि त्यांतील हजारो शिक्षक बेकार झाले, हेही बेल यांना डोळ्यांसमोर दिसत होते.

आपल्याकडे गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना याहूनही मूलगामी आक्षेप घेतला होता. वकील लोकांची भांडणे वाढवतात आणि आपला न्याय आपण करण्याची लोकांची शक्ती हरण करतात, असे त्यांचे म्हणणे. स्वतः दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षे वकिली केलेल्या पुरुषाचे हे मत असल्यामुळे त्याला वजन आहे. तरीही मला ते पुरेसे वाटत नाही. क्लॅरेंडनच्या शेतकऱ्यांनी आपला न्याय आपण करावा तो कोणाच्या पंचायतीत? ज्या गावात पंचही अन्याय करणाऱ्यांचे आणि सावकारही अन्याय करणाऱ्यांचा, त्या गावाला बाहेरच्या न्यायासनाची आणि त्या न्यायासनाची भाषा जाणणाऱ्याची गरज असते.

म्हणून प्रश्न असा उरतो: वकील हवा, तो शिकवून तयार केलेला हवा, त्याचा चरितार्थ अशिलाने न चालवता इतरांनी चालवला पाहिजे, हे सर्व मान्य केल्यावर त्याच्या कर्माला धर्म्य स्वरूप कशाने येते? याचे उत्तर मला पुन्हा मीमांसेतच, पण यज्ञाच्या एका निराळ्या प्रकारात सापडते. त्याचे नाव सत्र. बारा दिवसांपासून वर्षभर किंवा त्याहूनही दीर्घकाळ चालणारा हा सोमयाग सतरा ते चोवीस माणसे मिळून करतात, आणि त्यात जे ऋत्विज तेच यजमान असतात. कोणी कोणाला विकत घेतलेले नसल्यामुळे दक्षिणा नाही. व्रताचे कष्ट सर्वांचे आणि फळही सर्वांचे. सत्राचा संकल्प करून मग जो माघार घेईल त्याने विश्वजित्‌ याग करावा, म्हणजे आपले सर्वस्व देऊन टाकावे, असे शास्त्र आहे. चळवळीचा दावा हा सामान्य यज्ञाच्या नमुन्यावर चालवता येत नाही, तो सत्राच्या नमुन्यावरच चालवला पाहिजे, असे माझे मत आहे. ज्याने दावा मांडला त्याने त्या दाव्याचे परिणाम जेथे भोगले जातात तेथे राहून, त्यांतला आपला हिस्सा आपल्या अंगावर घेतला पाहिजे.

हे बोलताना एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या शास्त्राची ही कल्पना, त्या शास्त्राने सत्राचा अधिकार केवळ ब्राह्मणांना दिला आणि शूद्रांना तर यज्ञमात्राचा अधिकार नाकारला. बादरी नावाच्या प्राचीन आचार्याचे मत होते की अधिकार सर्वांना आहे. जैमिनीच्या सूत्रांत ते नोंदले गेले आहे, पण पूर्वपक्ष म्हणून, खंडन करण्यासाठी. माझ्या मते बादरीच बरोबर होता. तो निर्णय फिरवल्याशिवाय सत्राच्या कल्पनेचा आज उच्चारही करण्याचा कोणाला अधिकार पोहोचत नाही.

यावर वकिली व्यवसायातील जाणती माणसे एक गंभीर हरकत घेतील. वकिलाने अलिप्त असावे, दाव्याच्या लाभात त्याने वाटा ठेवू नये, असा आपल्या सनदेचा शिरस्ता आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. ज्याचे स्वतःचे घर जळते आहे त्याच्या हातून कलमांचा अर्थ नीट लागत नाही. हरकत खरी आहे. परंतु शिरस्ता मनाई करतो ती लाभात वाटा घेण्याला, आणि येथे बोलणे चालले आहे ते जोखमीत वाटा घेण्याबद्दल. शिवाय यज्ञातील ब्रह्मा नावाच्या ऋत्विजाचे काम पाहावे: तो बहुतांशी मौन धरून बसतो, सर्वांचे कर्म निरखतो, कोठे चूक झाली तर प्रायश्चित्त सांगतो. सत्रात तो ब्रह्मासुद्धा इतरांप्रमाणे यजमानच असतो, आणि तरीही त्याच्याकडून निरीक्षणात कसूर होणार नाही असे शास्त्र गृहीत धरते. बुद्धीची तटस्थता ही साधनेने येणारी गोष्ट आहे. ती येण्यासाठी सुरक्षित अंतरावर जाऊन राहावे लागते हा समज सुखवस्तूंनी आपल्या सोयीसाठी करून घेतलेला आहे.

अमेरिकेतील त्या संस्थेलाही, कोणतेही मीमांसाशास्त्र न वाचता, याच दिशेने जाण्याची गरज भासली. १९४० मध्ये मार्शल यांनी स्थापन केलेल्या लीगल डिफेन्स फंडाने १९६३ च्या सुमारास तरुण वकिलांसाठी उमेदवारीची एक योजना सुरू केली: न्यूयॉर्कच्या कचेरीत वर्षभर अनुभवी वकिलांच्या हाताखाली शिकावे आणि मग दक्षिणेत परत जाऊन, काही काळ फंडाचे अर्थसाहाय्य घेऊन, तेथेच वकिली थाटावी. या योजनेतील पहिला उमेदवार ज्युलियस चेम्बर्स. तो नॉर्थ कॅरोलायनाच्या एका लहान गावातील मोटारदुरुस्ती करणाऱ्याचा मुलगा. वडिलांचे पैसे एका गोऱ्या गिऱ्हाइकाने बुडवले आणि गावातला एकही वकील त्यांचे वकीलपत्र घेईना, हे त्याने लहानपणी पाहिले होते. १९६४ मध्ये त्याने शार्लट शहरात कचेरी उघडली. १९६५ च्या जानेवारीत त्याच्या मोटारीत बॉम्बचा स्फोट झाला, नोव्हेंबरात घरावर बॉम्ब पडला, १९७१ च्या फेब्रुवारीत कचेरी जाळण्यात आली. आणि त्याच वर्षी २० एप्रिलला, शार्लटच्या शाळांविषयीच्या त्याच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निवाडा दिला. चेम्बर्सबरोबरच उमेदवारी केलेली मेरियन राइट मिसिसिपीत गेली आणि त्या राज्यात वकिलीची सनद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. ब्रिग्जच्या नोकरीवर जे संकट आले त्याच जातीचे संकट यांच्या घरावर आले, आणि अशिलांना ते दिसत होते. धोका अटळ आहे असे सांगणारा वकील तो धोका स्वतः स्वीकारून शेजारी राहत आहे, हे दिसल्यावर त्याच्या सल्ल्याला जो नैतिक अधिकार प्राप्त होतो तो कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीने येत नाही.

आपल्या भूमीत या सत्रकल्पनेचे सर्वांत शुद्ध उदाहरण महाडचे आहे. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले आणि १९२३ पासून मुंबईत वकिली करू लागलेले डॉ. आंबेडकर चवदार तळ्याच्या दाव्यात प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ ला तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. १२ डिसेंबरला सवर्णांनी दिवाणी दावा गुदरला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते, आणि त्यांच्यासमोर त्यांच्या नेत्याला हे ठरवायचे होते की हुकूम मोडायचा की दावा लढायचा. त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रह मात्र चर्चेअंती तहकूब ठेवण्यात आला आणि तळ्याभोवतून मिरवणूक निघाली. पुढे जवळजवळ दहा वर्षे दावा चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की वादींनी सांगितलेली अनादिकालीन रूढी सिद्ध झालेली नाही. तहकुबीचा तो सल्ला दूरच्या शहरातून आलेल्या विधिपंडिताचा असता तर त्या जनसमूहाने तो मानला असता असे मला वाटत नाही. तो मानला गेला, कारण सल्ला देणारा त्याच तळ्यावर पाण्याला मनाई असलेल्यांपैकी एक होता आणि दाव्यात त्याचे नाव वकीलपत्रावर नसून प्रतिवादींच्या यादीत होते. अमेरिकेतील लढ्याकडे त्यांचे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी तेथील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती. आणि विद्या कोणापर्यंत पोहोचावी या बाबतीत त्यांचा मार्ग ह्यूस्टनपेक्षा निराळा होता: १९४६ चे त्यांचे सिद्धार्थ महाविद्यालय नोकरी करणाऱ्यांना येता यावे म्हणून सकाळी भरत असे, आणि १९५६ मध्ये त्यांच्या संस्थेने विधिमहाविद्यालयही काढले.

याच्या उलट टोकाला १९८५ चा मुंबईच्या पदपथवासीयांचा निवाडा आहे. एका पत्रकार महिलेने आणि इतरांनी केलेल्या अर्जांवर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे घोषित केले, आणि पावसाळा संपेपर्यंत मुदत देऊन झोपड्या हटवण्याची मोकळीकही महापालिकेला दिली. तो सिद्धान्त आज प्रत्येक विधिमहाविद्यालयात शिकवला जातो, आणि पुढे कित्येकांना त्याचा लाभही झाला. ज्यांच्या नावाने तो उच्चारला गेला त्यांच्यापुढे मात्र बिऱ्हाड हलवण्याचाच प्रश्न राहिला. अर्जदारांचा हेतू शुद्ध होता यात मला यत्किंचितही संशय नाही. पण फळाची अशी विभागणी होते, सिद्धान्त विद्वानांकडे आणि विस्थापन अर्जातील माणसांकडे, तेव्हा तो दावा कितीही गौरवला गेला तरी त्याला सत्र म्हणता येणार नाही.

आज महाराष्ट्रात वनहक्कांसाठी, धरणग्रस्तांसाठी, सफाई कामगारांसाठी तरुण वकिलांना विद्यावेतन देऊन शिकवणाऱ्या ज्या संस्था आहेत आणि पुढे निघतील, त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे. उमेदवाराला घटनेची कलमे आणि न्यायनिवाडे जरूर शिकवा, पण विद्यावेतनाची निदान तीन वर्षे त्याने तालुक्याच्या गावी, ज्यांचे वकीलपत्र घेतले त्यांच्यात राहून काढावीत अशी अट घाला. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी हरल्यास काय होईल आणि जिंकल्यासही काय भोगावे लागेल हे गावसभेत उभे राहून, बायकामुले ऐकत असताना, त्यांच्या बोलीत सांगण्याची त्याला सवय लावा. आणि तडजोडीचा प्रसंग आला तर अखेरचा शब्द संस्थेचा की अशिलाचा, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून तो कागद अशिलाच्या हाती ठेवा.